सापडलं का?

दिवाळीतल्या रॉकेटचं एक बरं असतं. ते परत यावं अशी कुणाचीही अपेक्षा नसते. बाटलीत उभं करायचं, वात पेटवायची, मागे पळायचं आणि ते समोरच्या काकूंच्या गॅलरीत शिरलं की जिन्याखाली दडायचं. काकू वरून ओरडतात, "कुणाचं रे हे?" त्या क्षणी साऱ्या सोसायटीत त्या रॉकेटला वारस उरत नाही.

अमेरिकेत मात्र घराचे हप्ते फेडणारी, रक्तदाबाची गोळी घेणारी, पन्नाशीला टेकलेली माणसं स्वतःच्या हातानं रॉकेट बांधतात, त्यावर स्वतःचं नाव आणि फोन नंबर ठळक अक्षरांत लिहितात, आणि ते पडलं की दडायचं सोडून त्याच्या मागे धावत सुटतात. त्यांतला एक माझा मेहुणा आहे. काकूंच्या गॅलरीतलं रॉकेटही त्याचंच होतं. हे त्यानं कबूल केलं, पण अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर.

आम्ही उभयता गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याच्याकडे मेरीलँडला गेलो. मला वॉशिंग्टनचं विमान आणि अंतराळ संग्रहालय बघायचं होतं. राइट बंधूंचं विमान तिथे आहे, अपोलो ११ चं यान तिथे आहे. मेहुणा म्हणाला, "दाजी, ती सगळी उडून झालेली आहेत. आपलं शनिवारी उडायचंय." त्याच्या या 'आपलं'मध्ये मी कधी सामील झालो ते कळलं नाही. कळलं तेव्हा माझ्या हातात सँडपेपर होता.

गराजमध्ये रॉकेट आणि बाहेर पावसात गाडी, अशी त्या घरातली व्यवस्था आहे. रॉकेट चांगलं दीड मीटर उंच. जाड पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचे पंख, प्लास्टिकचं टोकदार नाक, आणि या सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारं बेसुमार इपॉक्सी. त्या इपॉक्सीच्या वासानं दुपारचा चहा, रात्रीची आमटी आणि माझा स्वेटर हे तिन्ही एकाच चवीचे झाले होते. रंग भडक नारिंगी. "शेतात पडलं की लांबून दिसायला पाहिजे," मेहुणा म्हणाला. या रंगाचं पुढे काय झालं ते येईलच.

या छंदात मोटरींना इंग्रजी अक्षरांची नावं असतात आणि पुढचं प्रत्येक अक्षर आधीच्याच्या दुप्पट ताकदीचं असतं. ए, बी, सी या शाळकरी पोरांच्या. जी पर्यंत हौसेचा मामला. एच आलं की खेळणं संपतं आणि तिथून पुढे प्रमाणपत्र लागतं. एच म्हणजे ए च्या १२८ पट, हे मेहुण्यानं मला इतक्या वेळा सांगितलं की ताई, म्हणजे त्याची बहीण आणि माझी बायको, शेवटी म्हणाली, "अरे, मग ए च्याच १२८ उडव ना एकेक करून. घरातली सगळी माणसं थोडी थोडी बघतील."

प्रमाणपत्राच्या पहिल्या पायरीला लेखी परीक्षा नाही. ती दुसऱ्या पायरीला असते. इथे फक्त एवढंच करायचं: स्वतः बांधलेलं रॉकेट एच किंवा आय मोटरवर उडवायचं, ते पॅराशूटनं नीट खाली आलं पाहिजे, आणि पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत ते परीक्षकाला आणून दाखवायचं. यातला अवघड शब्द 'उडवायचं' हा असेल असं मी समजत होतो. उडणं अगदी सोपं आहे. रॉकेटच्या वजनाच्या किमान तिप्पट जोर मोटरीत असावा असा नियमच आहे. त्यामुळे ते वर जाणारच. मोटरीला दुसरं काही येत नाही. सगळी मेख त्या 'आणून दाखवायचं'मध्ये.

कारण खाली येताना त्याला मोटर नसते, सुकाणू नसतं. असतं ते फक्त पॅराशूट आणि वारा. मेहुण्यानं त्याचा हिशेब वहीत मांडला होता. रॉकेट सहाशे मीटर वर जाणार. छोटं पॅराशूट लावलं तर ते सेकंदाला ६ मीटर या वेगानं उतरणार, म्हणजे १०० सेकंद हवेत. मोठं लावलं तर वेग ३ मीटर आणि वेळ २०० सेकंद. ताशी २४ किलोमीटर वारा असेल तर छोट्या पॅराशूटनं ते साडेसहाशे मीटरवर पडणार आणि मोठ्यानं सव्वा किलोमीटरच्याही पुढे. वहीच्या तळाशी दोन रेघा मारून लिहिलं होतं : छोटं.

तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी ती वही, ते पॅराशूट आणि लेकाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं एका दमात पाहिली.

"एवढीशी छत्री? अरे, आपटेल ना ते!"

"नाही गं आई, हिशेब केलाय."

"हिशेब काय करतोस! महिनाभर खपून केलंयस, त्याला चार पैशांची मोठी छत्री लाव. आणि मी म्हणते इतकं वर पाठवायचंच कशाला? खालच्या खाली उडव की."

मेहुणा एका मोठ्या कंपनीत सगळ्या जगाचा डेटा सांभाळतो. आकड्यांपुढे तो कुणाचं ऐकत नाही. फोन ठेवल्यावर त्यानं वहीकडे पाहिलं, रॉकेटच्या त्या चकचकीत नारिंगी पंखांवरून हात फिरवला आणि कपाटातून मोठं पॅराशूट काढलं. "थोडं मऊ उतरलेलं बरं," तो म्हणाला. मी काही बोललो नाही. सासूबाईंच्या हिशेबात चूक काढायची नाही, हे माझं जुनं धोरण आहे आणि त्यामुळेच मी आजवर टिकलो आहे.

शुक्रवारी रात्री भरणी झाली. थंडीत पॅराशूटचं कापड चिकटून बसू नये म्हणून त्याला टाल्कम पावडर फासतात. मेहुण्याची मुलं कॉलेजात आहेत, तरी त्या घरात बेबी पावडरचे डबे येतात आणि दुकानातली मुलगी दरवेळी त्याच्या बायकोचं अभिनंदन करते. पॅराशूट बाहेर फेकण्यासाठी आत छोटासा बार उडतो. त्या आगीनं कापड जळू नये म्हणून मध्ये कागदाचा राखाडी, न जळणारा भुगा कोंबायचा. घराच्या भिंतीत थंडी अडवायला भरतात तोच हा. रॉकेटवाले त्याला सरळ 'कुत्र्याची ओकारी' म्हणतात. ताईनं तो भुगा रद्दी समजून गोळा केला होता. त्याला काय म्हणतात ते कळल्यावर तिनं दोनदा हात धुतले.

सकाळी चेसापीक उपसागरावरचा लांबलचक पूल ओलांडून आम्ही पलीकडच्या सपाट मुलखात पोचलो. गाडीत पुढच्या सीटवर रॉकेट होतं, पट्टा लावून. मी मागे, थर्मास आणि पराठ्यांचा डबा मांडीवर घेऊन. वाटेत मेहुण्यानं सांगितलं की २५ एप्रिल २००९ रोजी याच भागात, प्राइस नावाच्या गावाजवळ, ओहायोच्या स्टीव्ह इव्ह्ज या गृहस्थानं सॅटर्न ५ ची दहापट लहान प्रतिकृती उडवली होती. दहापट लहान म्हणजे छत्तीस फूट उंच आणि पाऊण टनाच्या आसपास. ती ४,४४१ फूट वर गेली.

"आणि परत?" मी विचारलं.

"परत आली ना. पॅराशूटनं, धडधाकट."

"मग आपलं येईलच," मी म्हणालो. गाडीत कुणी लाकडाला हात लावला नाही. लाकूड होतं ते फक्त रॉकेटच्या पंखांत, बाकी सगळं प्लास्टिक.

मक्याची कापणी झालेलं शेत. खुंट, चिखल, घडीच्या खुर्च्या, आणि पांढऱ्या दाढ्यांची बरीच मंडळी. रॉकेटचा छंद असेल तर दाढी ठेवावी लागते का, हे मी विचारून घेतलं नाही. माणसं मात्र फार प्रेमळ. याच मंडळींच्या दोन संघटनांनी त्यांचं इंधन स्फोटकांच्या यादीतून काढावं म्हणून केंद्र सरकारच्या खात्याविरुद्ध २००० साली दावा लावला आणि २००९ मध्ये तो जिंकला. नऊ वर्षं कोर्टात घालवूनही चेहऱ्यावर एवढा आनंद मी आपल्याकडे पाहिलेला नाही.

आधी तोंडी परीक्षा. सुरक्षा अधिकाऱ्यानं रॉकेट हातात घेतलं, पंख खेचून पाहिले, नाक हलवून पाहिलं. गुरुत्वमध्य कुठे? दाबाचं केंद्र कुठे? पहिलं दुसऱ्याच्या पुढे, किमान नळीच्या जाडीएवढं तरी हवं. नाहीतर रॉकेट हवेत गिरक्या घेतं आणि प्रेक्षकांना व्यायाम होतो. मेहुण्यानं दोन्हीकडे स्टिकर लावले होते. मोटर मागून निसटणार नाही ना? नाही. पॅराशूट केवढं? मेहुण्यानं आकडा सांगितला. शेजारी एक आजोबा खुर्चीत बसून सँडविच खात होते. त्यांनी खाणं थांबवलं, दूरच्या झाडांच्या रांगेकडे पाहिलं, मग वाऱ्याकडे, म्हणजे वारा जिथे असतो तिकडे पाहिलं, आणि पुन्हा सँडविच खायला लागले.

रॉकेट रुळावर चढवलं, इग्नायटर खोचला, तारांना चिमटे लावले आणि सगळे शंभर फूट मागे आलो. पाच, चार, तीन, दोन, एक. काही नाही.

अशा वेळी नियमाप्रमाणे बरोबर एक मिनिट कुणी रॉकेटजवळ जायचं नाही. ते एक मिनिट फार मोठं असतं. सगळं मैदान तुमच्याकडे बघतं आणि प्रत्येकाच्या मनात काय आहे ते तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं. इग्नायटर बदलला. पुन्हा पाच, चार, आणि "थांबा!" वरून एक छोटं विमान चाललं होतं. ते जाईपर्यंत सगळ्यांनी माना वर करून त्याची वाट पाहिली. वैमानिकाला खाली एवढा जनसमुदाय आपल्याकडे टक लावून बघतोय हे दिसलं असावं. तो मुद्दामच सावकाश गेला असा माझा संशय आहे.

तिसऱ्या वेळी ते गेलं. गेलं म्हणजे काय, तर आधी फर्रर्र असा आवाज आणि मग रिकामा रूळ. मधलं काही मी पाहिलं नाही. माझ्या आसपासच्या सगळ्यांनी फोन वर धरले होते. नंतर ते सगळे व्हिडिओ आम्ही पाहिले. त्यांत धुराची रेघ आहे, भरपूर आकाश आहे आणि मराठीतून "अगं बाई" असा स्पष्ट आवाज आहे. तो माझा. रॉकेट एकाही व्हिडिओत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी रॉबर्ट गोडार्डनं द्रवरूप इंधनाचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं, तेव्हा त्याची बायको एस्थर चावीचा कॅमेरा घेऊन उभी होती. रॉकेटनं निघायला वेळ लावला आणि चावी त्याच्या आधीच संपली. ते रॉकेट अडीच सेकंद उडालं, ४१ फूट वर गेलं आणि १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यात पडलं. गोडार्डला ते शोधायला सव्वा किलोमीटर चालावं लागलं नाही. महान माणसांना सगळंच अनुकूल असतं.

आमचं रॉकेट वर गेलं ते सरळ नाही. पंखांना बाजूनं वारा लागला की रॉकेट नाक वाऱ्याकडे फिरवतं. त्यामुळे ते पश्चिमेकडे झुकत गेलं आणि मेहुणा, मी व आणखी दोघे पश्चिमेकडे पळायला लागलो. चिखलातून जमेल तेवढे गेलो असू, इतक्यात वर फट् झालं. नारिंगी टिकलीएवढं पॅराशूट उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि ते पॅराशूट अत्यंत संथपणे, आमच्या डोक्यांवरून, टाळ्या वाजवणाऱ्यांच्या डोक्यांवरून, आजोबांच्या सँडविचवरून पूर्वेकडे निघालं.

मी आयुष्यात इतकं मऊ उतरणारं काही पाहिलेलं नाही. सासूबाई असत्या तर धन्य झाल्या असत्या. ते उतरतच नव्हतं. दोनशे सेकंद हा आकडा वहीत लहान दिसतो. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात माणूस आशा, अभिमान, काळजी आणि पॅराशूटच्या आकाराविषयी पश्चात्ताप हे चारही टप्पे सावकाश पार पाडून वर पराठाही खाऊ शकतो. मी खाल्ला.

ते झाडांच्या मागे दिसेनासं झालं आणि मैदानावर साक्षीदार उगवले. आपल्याकडे अपघातानंतर रस्त्यावर उगवतात ते या जातीचे देशी बांधव. एक म्हणाला, त्या सायलोच्या डावीकडे पडलं, मी डोळ्यांनी पाहिलं. दुसरा म्हणाला, उजवीकडे, आणि मी दुर्बिणीतून पाहिलं. तिसऱ्यानं काहीच पाहिलं नव्हतं, पण तो या मैदानावर वर्षानुवर्षं येत होता, त्यामुळे त्याच्या मताला वजन होतं. चौथा म्हणाला, "मला वाटलंच होतं." हे वाक्य मी इंग्रजीतून पहिल्यांदाच ऐकलं आणि परदेशात एकदम घरी आल्यागत वाटलं.

शिकारीचा हंगाम होता. झाडीत जाणाऱ्यांनी नारिंगी जाकीट घालावं, अशी सूचना मिळाली. एकाचं उरलेलं मला घातलं. ते माझ्या पोटावर बंद होईना, तेव्हा मेहुणा म्हणाला, "असू दे दाजी, हरणांना एवढं पोट नसतं." आम्ही निघालो. मध्येच ताईचा फोन. "सापडलं का?" नाही. थोड्या वेळानं मेहुण्याच्या बायकोचा. "सापडलं का?" नाही. मग पुण्याहून. तिथे मध्यरात्र उलटली होती, पण सासूबाई जाग्या होत्या. "सापडलं का रे? आपटलं नाही ना?"

आपटलं नव्हतं, एवढं मी छातीठोक सांगितलं.

सुदैवानं रॉकेटमध्ये जीपीएस होता. मेहुण्याच्या फोनवर रॉकेटचा निळा ठिपका झाडीत स्थिर होता आणि आमचा ठिपका त्याच्याकडे सरकत होता. सरकत सरकत आम्ही त्याच्यावर जाऊन उभे राहिलो. दोन्ही ठिपके एक झाले. जमिनीवर काही नव्हतं. आम्ही पाचोळा उपसला, काट्यांत हात घातले, एक गंजलेली बादली शोधून काढली. मेहुण्यानं फोन बंद करून पुन्हा चालू केला. ठिपका तिथेच. "दाजी, आपण रॉकेटवर उभे आहोत," तो हताशपणे म्हणाला. आम्ही दोघांनीही पाय उचलून पाहिले.

त्या ठिपक्याला अक्षांश कळतो, रेखांश कळतो. रॉकेट जमिनीच्या किती वर आहे, याची पर्वा आम्ही दोघांनीही केली नाही. शेवटी मान दुखली म्हणून मी वर पाहिलं, तर सहा मजल्यांएवढ्या उंच झाडावर रॉकेट लोंबत होतं. एकही ओरखडा नाही. लांबून का दिसलं नाही, तेही कळलं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. ते अख्खं झाड नारिंगी होतं. शेजारचंही. आणि खाली आम्ही दोघे, नारिंगी.

उंच झाडावर किंवा विजेच्या तारांवर अडकलेलं रॉकेट काढायला जायचं नाही, असा या छंदाचा लेखी नियम आहे. नियम असण्याचा अर्थ असा की पूर्वी माणसं गेली होती. मेहुण्यानं तरी बुंध्याला हात लावून पाहिला. तेवढ्यात पलीकडून ट्रॅक्टरवर शेतकरी आला. झाडं त्याची होती. त्यानं वर पाहिलं, मान हलवली आणि बोटानं आणखी दूरचं एक झाड दाखवलं. "ते मागच्या वर्षीचं," तो म्हणाला. तिथे काहीतरी निळं फडफडत होतं.

आता परीक्षेचं काय? मेहुणा मैदानावर परतला तो पाय ओढत. परीक्षकानं मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दुर्बीण उचलली आणि म्हणाला, चला. रॉकेट जागेवरून काढता येत नसेल, पण जिथे आहे तिथे तपासता येत असेल तर चालतं, हाही नियमच. त्यानं झाडाखाली उभं राहून सगळं नीट पाहिलं. पंख शाबूत, नळी सरळ, पॅराशूट पूर्ण उघडलेलं, मोटर जागेवर. सर्व काही उत्तम. त्यानं मेहुण्याशी हस्तांदोलन केलं आणि कागदावर सही केली. मेहुणा उत्तीर्ण. अशा रीतीनं 'पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत' असलेलं एक रॉकेट आज मेरीलँडमध्ये कुणालाच उडवता येत नाही.

घरी पोचल्यावर सासूबाईंचा कॉल आलाच. प्रमाणपत्र कॅमेऱ्यापुढे धरलं. त्यांना भरून आलं. "बघ, मोठी छत्री लावलीस म्हणून वाचलं," त्या म्हणाल्या, आणि यावर वाद घालता येण्याजोगं आमच्याकडे काही नव्हतं. मेहुण्यानं आता 'जे' अक्षराच्या मोटरीचं रॉकेट बांधायला घेतलं आहे. रंग निळा. दीड किलोमीटर वर जाईल म्हणतो. पॅराशूट केवढं लावणार ते मी विचारलेलं नाही, पण पुण्याहून एक पार्सल निघालं आहे आणि त्यावर सासूबाईंचं अक्षर आहे.

तेव्हा चेसापीक उपसागराच्या पूर्वेला कुणी मराठी वाचक राहत असतील तर त्यांना एक विनंती. हिवाळी वादळात तुमच्या अंगणात दीड मीटर लांबीची नारिंगी नळी येऊन पडली तर घाबरू नका, पोलिसांना बोलावू नका. तिच्यावर फोन नंबर लिहिला आहे, त्यावर जरूर कळवा. फक्त त्यातल्या मोटरीच्या, जीपीएसच्या आणि पॅराशूटच्या किमतीचा विषय तेवढा काढू नका, कारण फोन बहुतेक मेहुण्याची बायको उचलेल.